अंबर नावाची बाटली



पर्युषण आटोपले, पारणी झाली, घरात आता जरा निवांतपणा आहे. यंदा संवत्सरीला मी सगळ्यात आधी फोन केला तो माझ्या भाचीला. का केला, ते सांगायचे तर मे महिन्यापासून सुरुवात करावी लागेल आणि थोडे अत्तराच्या दुनियेतही शिरावे लागेल. मैत्रिणींनो, विषय नवा आहे, पण आपल्या देवघरापर्यंत येऊन पोहोचणारा आहे.

भाची मुंबईला असते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून एका सुगंध बनवणाऱ्या कंपनीत लागली. मे महिन्यात घरच्या लग्नासाठी ती साकोलीला आली. बाहेर शेचाळीस डिग्री, कूलरच्या ताट्यांना वाळ्याचा वास, घरात पाहुणे. तिने पर्समधून एक छोटी बाटली काढून माझ्या हातात दिली. वर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, ‘वुडी अंबर’. म्हणाली, "मावशी, हे मिश्रण मी बनवलंय. पहिलंच. आमच्या वरच्या साहेबांनी पास केलं. पहिली बाटली तुला."

मी चिठ्ठी वाचली आणि माझे डोके फिरले. गेल्या काही वर्षांत पेपरात सारखे येते की मुंबईत, ठाण्यात, पुण्यात, रत्नागिरीकडे व्हेल माशाची ‘उलटी’ विकताना माणसे पकडली, कोट्यवधींचा माल जप्त झाला. त्या उलटीचे नाव अंबर, अंबरग्रीस. सगळ्या पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "ज्या घरात देवघर आहे त्या घरात माशाची उलटी आणलीस? शिकून हेच शिकलीस का?" ती काही बोलली नाही. बाटली टीपॉयवर ठेवली, "फेकून दे मग," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने नागपूरला गेली.

वस्तू फेकण्याची मला सवय नाही. बाटली पेपरात गुंडाळून मी पडवीतल्या फळीवर ठेवून दिली.

मृगाच्या आधी, चातुर्मास लागायच्या आत आम्ही सगळी कपाटे काढतो. ओल धरली की जीव पडतात, म्हणून ती साफसफाई कोरड्यातच उरकायची. देवघराचे कपाट काढताना सासूबाईंची चांदीची डबी सापडली. सासूबाई जाऊन तीस वर्षे होत आली. डबी रिकामी होती, पण झाकण उघडले आणि वास आला. गोडसर, उग्र, जरा जनावरासारखा. डोळ्यांत पाणी आले, कारण तो त्यांचाच वास होता. थंडीत लहान मुलाला सर्दी झाली की त्या या डबीतून काडीच्या टोकावर कणभर घेत आणि मधाऐवजी गुळाच्या पाण्यात देत. चंदनाच्या पूडमध्येही कधी कणभर मिसळत. डबीतले ते होते कस्तुरी.

डबी हातात धरून मी बराच वेळ बसले. अंबर नको म्हणून भाचीला चारचौघांत बोलले, आणि माझ्याच देवघराच्या कपाटात कस्तुरीची डबी!

मी बी.कॉम. आहे, नागपूर विद्यापीठाची. सासऱ्यांच्या दुकानाच्या वह्या वर्षानुवर्षे मीच लिहिल्या. हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. कस्तुरी हिमालयातल्या कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखालच्या ग्रंथीत असते. एका ग्रंथीतून साधारण 25 ग्रॅम माल मिळतो, म्हणजे किलोला चाळीस नर. शिकारी फास लावतात तेव्हा फासाला नर-मादी कळत नाही, म्हणून मादी आणि पिल्लेही मरतात. ती या हिशेबात येतच नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला पहिल्याच अनुसूचीत ठेवले आहे. सासूबाईंच्या डबीतली कस्तुरी त्याच्याही आधीची, त्यांच्या माहेरची. त्यांना दोष देत नाही. त्या काळी विचारायची पद्धत नव्हती. पण मला विचारता आले असते.

त्या रात्री मी भाचीला व्हॉट्सॲपवर एकच ओळ लिहिली, "तुझ्या बाटलीत अंबर कुठून आले?"

दुसऱ्या दिवशी तिचा आवाजातला निरोप आला. अगदी कोरडा, गिऱ्हाइकाला द्यावा तसा. पण माहिती चोख होती, आणि पुढे दोन महिने मी विचारत गेले, ती सांगत गेली. त्यातले मला समजले ते इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे अंबर या एका नावाच्या तीन वेगळ्या वस्तू आहेत. एक अंबर म्हणजे झाडाचा लाखो वर्षे जमिनीत राहून दगड झालेला चीक. त्याचे मणी करतात, अत्तराशी त्याचा फारसा संबंध नाही. दुसरे अंबर व्हेलचे. स्पर्म व्हेल नावाचा प्रचंड मासा (मासा म्हणायचा, खरे तर सस्तन प्राणी) खोल समुद्रात माकूळ खातो. माकुळांच्या चोची पचत नाहीत, त्या आतड्याला टोचतात. त्यांच्याभोवती आतड्यात मेणासारखा गोळा साठतो. लोक उलटी म्हणतात, पण तयार होतो तो आतड्यात. ताजा असताना काळा आणि दुर्गंधी. समुद्रात वर्षानुवर्षे तरंगला, ऊन आणि खारे पाणी लागले की राखाडी होतो आणि मग त्याला वास चढतो. किनाऱ्याला वाहून आलेला गोळा कोणाला सापडला तर त्यात मारणे नाही, हे खरे. पण व्हेलच्या शिकारीच्या काळात पोट फाडूनही तो काढत. आपल्या देशात स्पर्म व्हेल संरक्षित असल्यामुळे सापडलेला गोळासुद्धा जवळ बाळगता येत नाही की विकता येत नाही.

तिसरे अंबर हे वस्तूचे नावच नाही, वासाच्या जातीचे नाव आहे. भूमध्य समुद्राकाठी सिस्टस नावाचे झुडूप असते, त्याच्या पानांचा चिकट राळेसारखा रस म्हणजे लॅबडॅनम. त्यात आपण ऊद म्हणून जाळतो तो लोबान आणि व्हॅनिला मिसळले की जो उबदार, गोडसर वास होतो, त्याला अत्तरवाले ‘अंबर’ म्हणतात. त्यात व्हेलचा थेंबही नसतो. व्हॅनिलाचा मुख्य वास म्हणजे व्हॅनिलिन. ते 1874 मध्ये जर्मनीत पाइनच्या झाडातल्या द्रव्यापासून बनवले गेले आणि मग असे वास स्वस्त झाले.

आणि ‘वुडी’ म्हणजे लाकडाचा. चंदन, देवदार, वाळा, नागरमोथा. अंबराची ऊब आणि लाकडाचा कोरडेपणा एकत्र आला की वुडी अंबर. भाची म्हणाली, सुगंधात तीन मजले असतात. वरचा लिंबा-मिऱ्यासारखा, पाच-दहा मिनिटांत उडून जातो. मधला फुला-मसाल्यांचा, तासा-दोन तासांचा. आणि तळाचा, जो कपड्यावर दोन-दोन दिवस बसतो. लाकूड आणि अंबर हे तळाचे. त्यांचे कण जड असतात, लवकर उडत नाहीत. मी तिला म्हटले, म्हणजे रोख, उधारी आणि भांडवल. तेव्हा पहिल्यांदा ती निरोपात जराशी हसली.

मग खरा प्रश्न. व्हेलच्या अंबराचा तो राखाडी, खारा वास तिने कुठून आणला? याचे उत्तर ऐकून मी थक्क झाले. अंबराच्या गोळ्यातले मुख्य द्रव्य अँब्रिन, ते 1946 मध्ये शोधले गेले. त्याला स्वतःला वास जवळजवळ नसतोच. ऊन-पाण्याने ते तुटते तेव्हा त्यातून सुगंधी द्रव्ये निघतात. त्यातले मुख्य द्रव्य स्वित्झर्लंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1950 च्या सुमारास प्रयोगशाळेत बनवले. आज ते अँब्रॉक्सन वगैरे नावांनी विकले जाते. बनवतात कशापासून, तर क्लॅरी सेज नावाच्या झाडापासून. हे झाड आपल्या तुळशीच्या कुळातले! फुलोऱ्यातून स्क्लेरिऑल काढायचे आणि त्याला हळूहळू बदलत अंबरापर्यंत न्यायचे. कस्तुरीचेही असेच. 1888 मध्ये आल्बर्ट बाउर नावाचे रसायनशास्त्रज्ञ स्फोटक द्रव्यावर काम करत होते, आणि त्यातून निघाली कस्तुरीच्या वासाची पहिली कृत्रिम वस्तू. आज बाजारातल्या अत्तरात, साबणात, कपड्यांच्या पावडरीत जी ‘कस्तुरी’ असते ती जवळजवळ सगळी अशीच, कारखान्यातली. लाकडाच्या वासासाठीही अशी द्रव्ये आहेत. देवदारासारखा वास देणारे आयसो ई सुपर 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कंपनीने काढले.

म्हणजे मी जिला ‘केमिकल’ आणि ‘उलटी’ म्हणाले, त्या बाटलीसाठी एकही हरीण मेले नव्हते, एकाही व्हेलला हात लागला नव्हता. आणि मी जिला शुद्ध, घरची, सासूबाईंची म्हणत होते ती डबी मात्र पंचेंद्रिय जीवाच्या प्राणाची होती.

पण हिशेब एका बाजूने लिहायचा नसतो. मी भाचीला अडचणीचेही विचारले आणि तिने ते लपवले नाही. ही द्रव्ये माणसाला सुरक्षित आहेत का, हे पाहायला पूर्वी उंदीर-सशांवर प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करायला 2014 पासून बंदी आहे, युरोपात 2013 पासून. पण जुन्या द्रव्यांचे झालेले प्रयोग पुसता येत नाहीत. काही कृत्रिम कस्तुऱ्या पाण्यात लवकर विरघळून संपत नाहीत, नदीत आणि माशांच्या अंगात सापडतात. अंबराचे द्रव्य आता उसाच्या साखरेपासूनही करतात, पण त्यात सूक्ष्म जीवांकडून आंबवण्याचे काम करून घेतात. आणि बाटलीतला बहुतेक भाग अल्कोहोल असतो. प्यायचा नसला तरी आंबवलेलाच.

आणि नैसर्गिक म्हणून जे आपण निःशंक वापरतो त्याचे काय? चंदनाचा वास असतो गाभ्याच्या लाकडात आणि मुळात. म्हणून झाड नुसते तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. गाभा धरायला दहा-पंधरा वर्षे तरी जातात. वाळा म्हणजे मूळच. नागरमोथाही खणूनच काढायचा. भाची म्हणाली, आपल्या मध्य भारतातल्या नागरमोथ्याचे तेल परदेशातल्या मोठमोठ्या वुडी अत्तरांत पडते. माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडचे धानाचे बांध आले, आणि धानात उगवणारा लव्हाळा. तोही त्याच कुळातला, बायका कंबर मोडून उपटतात. नागझिऱ्याकडच्या डोंगराळ रानात सालई आहे. तिच्या डिंकाचा धूप घरोघरी जळतो. डिंकासाठी सालीला जखम करावी लागते, आणि लोभाने जखमा वाढवल्या की झाड वाळते.

सगळ्यात मोठा धक्का ‘नखला’ या शब्दाने दिला. जुन्या धुपाच्या आणि सुगंधी चूर्णांच्या याद्यांत नख किंवा नखला असायचाच. मी तो एखाद्या झाडाचा भाग समजत होते. तो समुद्रातल्या शंखासारख्या जीवाच्या तोंडावरचे झाकण आहे! शंख, कवडी हे आपण लहानपणी पाठशाळेत द्वींद्रिय जीव म्हणून शिकलो. आणि तो धूप मी वर्षानुवर्षे भगवंतापुढे जाळला असेल, तर मला कुठे ठाऊक होते?

जूनमध्ये काही साध्वीजी नागपूरहून रायपूरकडे विहार करत महामार्गाने आल्या, साकोलीत दोन दिवस थांबल्या. दुपारी मी डबी घेऊन गेले आणि सगळे सांगितले. त्यांनी पंधरा कर्मादानांची आठवण दिली. आपल्यापैकी बहुतेकींना ती अतिचारात पाठ आहेत, पण व्यापाराची यादी म्हणून मी कधी वाचली नव्हती. वनकर्म म्हणजे जंगल तोडण्यावरचा धंदा. दंतवाणिज्य म्हणजे फक्त हस्तिदंत नव्हे. बाराव्या शतकातले हेमचंद्राचार्य योगशास्त्रात सांगतात की त्यात दात, केस, नखे, हाडे, कातडी असे त्रस जीवांचे अवयव येतात, आणि ते जिथे निघतात तिथे जाऊन घेणे हा त्यातला दोष आहे. म्हणजे घेणारा तिथे उभा आहे म्हणून मारणारा मारतो. कॉमर्समध्ये आम्हाला मागणी आणि पुरवठा शिकवला होता. तो धडा इथे जुन्याच शब्दांत लिहिलेला होता.

मग साध्वीजींनी मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही चौदा नियम धारता ना? त्यात कुसुम आणि विलेपन येते. रोज किती सुगंधांची मर्यादा धरता?"

मी गप्प. नियम धारते, पण त्या दोन ठिकाणी वर्षानुवर्षे ‘जयणा’ म्हणून पुढे जाते. कुसुम म्हणजे नुसती फुले नाहीत, हुंगायच्या सगळ्या वस्तू. साबण, शाम्पू, भांड्यांचे लिक्विड, फरशीचे फिनाइल, अगरबत्ती, पावडर. घरी येऊन मोजले तर दिवसाला अकरा सुगंध निघाले, आणि त्यातल्या एकाचाही मला उगम सांगता येत नव्हता. लेबलवर फक्त ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ लिहिलेले असते. त्या एका शब्दाखाली पन्नास द्रव्ये असू शकतात.

एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून मनात बसली आहे. मंदिरात आपण सहाणेवर चंदनाचे खोड उगाळतो, त्यात केशर आणि बरास घालतो. तेव्हा आठ पदरी मुखकोश बांधलेला असतो. आपला श्वास त्या चंदनाला लागू नये आणि भगवंताला वाहायच्या सुगंधाचा आपण आधी भोग घेऊ नये, म्हणून. म्हणजे जगातला सगळ्यात सुंदर वुडी सुगंध रोज माझ्या हाताखाली तयार होतो आणि तो हुंगायचा नाही, ही मला मिळालेली शिकवण. सुगंध वाईट नाही. तो कोणाचा जीव घेऊन आला आणि मी त्याला किती चिकटले, हे दोन प्रश्न विचारायचे.

आमच्या घरात आता काय बदलले ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. धूप सुटा घेताना दुकानदाराला नखला आहे का विचारते. नाही सांगता आले तर घेत नाही. अत्तर किंवा अगरबत्तीवर कस्तुरी, अंबर, जवादी लिहिलेले असेल तर घाबरत नाही, पण ‘असली’ लिहिले असेल तर हातही लावत नाही. बहुधा ते खोटे असते, आणि खरे असेल तर त्याहून वाईट. ‘नॅचरल’ शब्द वाचून आता मन शांत होत नाही. चंदनाचे खोड एकच ठेवले आहे, ते पूजेसाठी. अंगाला लावायला चंदन बंद. आणि अकराचे सुगंध पाचावर आणले. सासूबाईंची डबी गरम पाण्याने धुतली, तिच्यात आता वासक्षेप ठेवते. तरी झाकण उघडले की अजून थोडा वास येतोच. तो जाईल तेव्हा जाईल.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर फोन लावला. म्हटले, "बाळा, मन-वचन-कायेने तुझे मन दुखावले, त्यातले वचनाचे तर सगळ्यांसमोर दुखावले. मिच्छामि दुक्कडम्." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, बाटली फेकलीस ना?"

मी पडवीतून बाटली आणली, पेपर सोडला, झाकण काढून मनगटावर एक थेंब लावला. हुंगले. काहीच नाही! पुन्हा हुंगले. जरा लाकडाचा भास झाला आणि गेला. मी तिला खरे ते सांगितले. मला वाटले आता पुन्हा रागावेल, तर ती खळखळून हसली. म्हणाली की हे कण इतके मोठे असतात की काही माणसांच्या नाकाला ते कळतच नाहीत, किंवा कळतात आणि लगेच हरवतात. प्रत्येकाचे नाक वेगळे. तेवढ्यात आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "आज कोणती अगरबत्ती लावली? छान वास सुटलाय."

ज्या वासावरून मी पोरीला चारचौघांत रडवले, तो मला येतसुद्धा नव्हता.

पुढच्या वेळी येताना तिने विचारले आहे की अल्कोहोलशिवाय, तेलात, मावशीच्या पाच सुगंधांत बसेल असे काही बनवून आणू का. मी म्हटले, आण, पण त्या दिवसाचे माझे बाकीचे चार कमी करीन. आणि प्रत्येक थेंब कुठून आला ते कागदावर लिहून आण. वही मी ठेवते.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.